मदत हवी आहे : सिरपसाठी काढलेला मेपलच्या झाडाचा रस किती दिवस टिकतो? (घाई आहे)

गारठलेला_गडी
पाच गॅलनच्या चार बादल्या भरल्यात, झाडं अजून गळतायत. आटवायला शनिवारशिवाय सवड नाही. आज सोमवार. टिकेल का नाही? कृपया 'अवलंबून आहे' म्हणू नका, ते वाचून वाचून डोळे दुखले.

सुमा_ओंटारियो
अवलंबून आहे. :)
कुठे ठेवलाय? बादल्या कसल्या? पहिली कधी भरली?

गारठलेला_गडी
गॅरेजमध्ये. तिथे ४५ असतं. बादल्या साध्या, नेहमीच्या.

चिकित्सक
४५? गॅरेज आहे की मे महिन्यातलं जळगाव?

गारठलेला_गडी
फॅरनहाइट हो! अमेरिकेत, व्हरमाँटात आहे, बर्लिंग्टनजवळ. मला वाटलं ते उघड आहे.

सुमा_ओंटारियो
आम्हाला कसं उघड असणार? ४५ म्हणजे आमचे ७ सेल्सिअस. जास्त आहे. रस दिसतो पाण्यासारखा, पण त्याला दुधासारखं जपायचं. ३८ फॅरनहाइटच्या खाली राहिला तर फार तर आठवडा, तोही झाकण घट्ट आणि बादली स्वच्छ असेल तर. मी तीन दिवसांवर जात नाही. घराच्या उत्तरेला बर्फ साठला असेल ना? त्यात बादल्या गळ्यापर्यंत पुर. दुपारचं ऊन लागता कामा नये.

काकवीवाला_कोल्हापूर
एवढी खटपट कशाला? आमच्या गुऱ्हाळावर रस साठवतच नाहीत. चरकातून निघाला की थेट काहिलीत. ठेवायचाच असेल तर चिमूटभर चुना टाका. नीरेच्या मडक्याला आतून चुना लावतात तो उगाच नाही, आंबणं थांबतं. मळी काढायला रानभेंडीचं पाणी घाला, सोन्यासारखा रंग येईल.

चिकित्सक
दादा, व्हरमाँटात मार्चमध्ये रानभेंडी?

सुमा_ओंटारियो
चुना अजिबात नको. नीरेचं नीरेपाशी. इथे थंडी फुकट मिळते, ती वापरा.

गोडबोले_नाही
मधुमेह असलेल्यांना मेपल सिरप चालतं का? आईसाठी विचारतोय.

गारठलेला_गडी
बर्फात पुरल्या. पण दोन अडचणी. शुक्रवारची बादली ताकाच्या निवळीसारखी दिसतेय. आणि एकीवर बोटभर जाड बर्फाची चकती आलीय. ती विरघळवून परत ओतू ना?

विसावा_हंगाम
चकती काढून फेकून दे! गोठतं ते बहुतेक पाणीच, साखर खालच्या रसात राहते. तेवढं सरपण वाचलं. इथले मूळ रहिवासी हे फार पूर्वीपासून करत आलेत.
गढूळ बादली लगेच ओतू नकोस. आधी वास घे. नुसती धुरकट असेल तर आज रात्रीच आटव. सिरप काळपट होईल, चव दणकट. जंतू सुक्रोज फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतात, त्यामुळे रंग गडद येतो. मला तर तेच आवडतं.

सुमा_ओंटारियो
नवख्या माणसाला हे सांगू नका. गढूळ म्हणजे मोरीत.

विसावा_हंगाम
ताई, तुमच्यासारखं ओतत बसलो असतो तर निम्मा हंगाम मोरीत गेला असता. आंबूस वास आला किंवा पळीला तार सुटली तर फेकायचं, हे मलाही मान्य.

चिकित्सक
मूळ प्रश्न राहिलाच. 'साध्या' बादल्या म्हणजे नक्की कसल्या?

गारठलेला_गडी
तीन नव्या, खाद्यपदार्थांच्या. चौथीत आधी भिंतीला लावायचा रंग होता, पण गरम पाण्याने तीनदा घासलीय.

सुमा_ओंटारियो
अरे देवा. ती ओत. यात वाद नको.

विसावा_हंगाम
इथे ताईंशी शंभर टक्के सहमत.

गारठलेला_गडी
आणि शुक्रवारच्या बादलीचा वास आंबूस आहे. म्हणजे दोनच राहिल्या. दहा गॅलनमधून किती सिरप?

विसावा_हंगाम
८६ला साखरेच्या टक्क्यांनी भाग. साखर २ टक्के धरली तर ४३ गॅलन रसाला एक गॅलन सिरप. तुझं लिटरभर होत नाही.

गारठलेला_गडी
फक्त??

सुमा_ओंटारियो
हो. आणि स्वयंपाकघरात आटवू नकोस. उरलेली पस्तीसेक लिटर वाफ कपाटांवर आणि छतावर बसते. आमच्याकडे एका कोपऱ्यातला वॉलपेपर अजून लोंबतोय.

काकवीवाला_कोल्हापूर
एकतारी पाक आला की उतरवा.

विसावा_हंगाम
तार बघत बसू नकोस, थर्मामीटर घे. तुझ्याकडे त्या दिवशी पाणी जितक्यावर उकळतं त्याच्या ७ अंश फॅरनहाइट वर. जास्त आटलं तर बाटलीच्या तळाशी खडीसाखर बसते.

गोडबोले_नाही
कुणी मधुमेहाचं सांगेल का?

चिकित्सक
साखरच आहे ती, बहुतांश सुक्रोज. बाकी डॉक्टरांना विचारा.

गारठलेला_गडी
शनिवारपर्यंत थांबलो नाही. बुधवारी अर्धी सुट्टी टाकून अंगणात गॅसच्या शेगडीवर आटवलं. पाच तास तसंच पाणी, मग शेवटच्या दहा मिनिटांत फेस एकदम काठावर. लोण्याचा बोटभर गोळा टाकला तेव्हा बसला. दोन मुरंब्याच्या बरण्या आणि वर एक वाटी. ती वाटी मुलीने गरम घावनाबरोबर तिथेच संपवली. पण फडक्यावर राखाडी वाळूसारखं काहीतरी उरलं. झाडातून माती येते का?

विसावा_हंगाम
माती नाही, रसातलीच खनिजं. आटल्यावर साखरवाळू म्हणून वेगळी होतात. अपाय नाही, दाताला कचकचते. पुढच्या वेळी जाड फेल्टमधून, गरम असतानाच गाळ.

गारठलेला_गडी
मंगळवारी ५५ म्हणतायत (फॅरनहाइट!). झाडांना रसासाठी ठोकलेल्या तोट्या काढू की ठेवू?

सुमा_ओंटारियो
रात्री गोठतंय का? कळ्या फुगल्यात का? कळ्या फुटायला लागल्या की रसाला एक उग्र वास येतो, मग तो कितीही थंड ठेव. आणि झाडं कुठली, शुगर मेपल की लाल? लाल मेपल आधी फुलतो. आठवडा झाला, हे तू अजून सांगितलंच नाहीस.