मदत हवी आहे: रिसेप्शनचा गाऊन विकायचा आहे, एकदाच घातलेला (दारव्हा, जि. यवतमाळ)

नमस्कार ताई-दादांनो,

एप्रिलमध्ये माझं लग्न झालं. लग्न शालूवरच लागलं, पण संध्याकाळच्या रिसेप्शनसाठी नागपूरला धरमपेठेतून डिझायनर गाऊन घेतला. बस्ता यवतमाळलाच फाडला होता, गाऊनचा हट्ट माझा. बाबा काही बोलले नाहीत. घरात ठेवलेली तूर विकली आणि ४६,५०० रुपये भरले. घातला तीन तास.

यंदा, म्हणजे २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसात बाबांचं सोयाबीन उभ्या वावरात काळं पडलं. हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, व्यापाऱ्यानं डागी म्हणून ३,४०० नं घेतलं. विहिरीवरची मोटार जळाली आहे आणि हरभऱ्याची पेरणी तोंडावर आली आहे. ते माझ्याकडे एक रुपया मागणार नाहीत. मला गाऊनचे पैसे त्यांच्या हातात द्यायचे आहेत.

सासूबाईंना आधी विचारलं. म्हणाल्या, "शालूवर अक्षता पडल्या आहेत, तो राहू दे. हा वीक." त्यामुळे घरातून अडचण नाही.

आता गाऊनबद्दल, काही न लपवता. वाइन रंगाची नेट, मण्या-टिकल्यांचं काम, आत कॅन-कॅन (घेर फुगवणारी कडक जाळी), खांद्यापासून लांबी ५८ इंच. छाती ३६, कंबर ३०, पण शिवणीत दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया आहे, म्हणजे अंगानं भरलेल्या मुलीलाही उसवून बसवता येईल. डाव्या काखेजवळ सात-आठ टिकल्या गेल्या आहेत. मुख्य दोष मागच्या घेराला आहे. मांडवात धूळ बसावी म्हणून पाणी मारलं होतं, आपली काळी माती, घेर त्यातून ओढला गेला. वीतभर पट्टा आहे. पूर्ण वाळू दिला, मग मऊ ब्रशनं झटकला. वरची नेट मोकळी झाली, पण अस्तराच्या काठावर राखाडी रेघ अजून दिसते. ड्रायक्लीनवाला १,२०० सांगतो, पण मण्यांची हमी देत नाही. काही खडे शिवलेले नाहीत, चिकटवलेले आहेत, ते औषधात सुटतील म्हणतो. धुवून विकू की आहे तसा दाखवून भाव कमी करू?

नागपूरच्या एका दुकानानं फोटो पाहून ८,००० सांगितले. यवतमाळच्या एक ताई कपडे भाड्यानं देतात, त्या म्हणतात ठेवून जा, दर भाड्यामागे अर्धे तुमचे. पण पैसे थेंबाथेंबानं येणार, आणि चार जणींनी घातल्यावर तो एकदाच घातलेला राहणार नाही.

एका ॲपवर जाहिरात टाकली, तर तासाभरात एकानं घासाघीस न करता ३०,००० कबूल केले. म्हणाला, क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात जमा होतील. पैसे घ्यायला पिन लागत नाही हे माहीत होतं, म्हणून वाचले. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवलंसुद्धा. कोणी विकायला काढत असाल तर हे नक्की लक्षात ठेवा. माझे त्या दिवशी हात कापत होते.

पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक मिळालं तर पाठवायचं कसं, हाही प्रश्न आहे. गाऊन पाच किलोचा, पण कॅन-कॅन दबत नाही. ६० बाय ४५ बाय २० सेंटिमीटरचा खोका लागतो, आणि कुरिअरवाले लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार करून ५,००० नं भागतात, म्हणजे जवळपास ११ किलोचे पैसे. कॅन-कॅन उसवून वेगळं पाठवलं तर चालेल का? परत शिवताना कमरेची चुणी बिघडते का?

वेळही कमी आहे. पुढच्या वर्षी, २०२६ मध्ये, १७ मेपासून अधिक ज्येष्ठ लागतो, म्हणजे मे महिन्यातल्या अर्ध्या तिथी गेल्या. गिऱ्हाईक तुळशीच्या लग्नापासून एप्रिलपर्यंतच. मी १८,००० धरले आहेत. जास्त होतात का? अमरावती, अकोला, वर्ध्याकडे असे कपडे घेणारं खात्रीचं कोणी असेल, किंवा घरात साक्षगंध (साखरपुडा) ठरलं असेल, तर सांगा. बिल जपून ठेवलं आहे. काठाच्या डागाचा फोटो उन्हात, जवळून काढला आहे, तोच आधी पाठवीन.