उ: इन्क्लूड केल्यावर डेफिनिशन नक्की कुठली चालते?

भावा, तू म्हणतोयस की मार्केट यार्डातल्या गूळ पावतीची कॉमन स्कीमा (एक्सएमएल फाईलीत काय असावं त्याचे नियम) रिलॅक्स एनजीत, म्हणजे असे नियम लिहायच्या भाषेत, इन्क्लूड केली (दुसऱ्या फाईलीतनं आत ओढली), खाली 'हमाली' परत डिफाइन केली आणि जिंग (रिलॅक्स एनजी तपासणारं टूल) एकाच नावाच्या दोन डेफिनिशन म्हणून बोंबलतंय. वर एकानं कंबाइन (एकाच नावाच्या डेफिनिशन जोडायची खूण) लाव सांगितलंय, लावलंस तर एरर जाईल खरं पण जुनी हमाली तशीच राहणार, कंबाइन भर घालतं, पुसत नाही. जुनी पुसायची असली तर तुझं डिफाइन इन्क्लूडच्या टॅगच्या आतच टाक, बाहेर नको. आणि आतलं नाव मूळ फाईलीत नसेल तर तिथंच एरर येतो, ते बरंच आहे, स्पेलिंग चुकलेलं लगेच कळतं.

कंबाइन वापरणारच असशील तर चॉइस म्हणजे हे नाहीतर ते, इंटरलीव्ह म्हणजे दोन्ही, क्रम कसाबी. अ‍ॅट्रिब्यूटला (टॅगमध्येच लिहिलेल्या माहितीला) शक्यतो इंटरलीव्हच दे, कारण चॉइस दिलास आणि एका डेफिनिशनमध्ये वजन, दुसरीत प्रत असली की दोन्ही असलेली पावती नापास. एका डेफिनिशनला कंबाइन नसलं तरी चालतंय, पण एकीकडं चॉइस अन् दुसरीकडं इंटरलीव्ह, हे अजिबात नाही.

एक्सएसडीवाल्यांचं (एक्सएमएलचे नियम लिहायची दुसरी भाषा) वेगळं लफडं, तिथं रीडिफाइन केलं तरी नवा टाइप जुन्यावरूनच काढावा लागतो, सरळ बदलायची सोय म्हणजे ओव्हरराइड, एक्सएसडीच्या 2012 च्या 1.1 आवृत्तीत आली, आणि बरीच टूलं अजून 1.0 वरच आहेत, ते आधी बघून घे.