कार्बन नॅनोट्यूबच्या आर्कमधील प्रारणव्यय: हेलियमचे कोष्टक पुरेसे आहे का?

प्रश्न (संशोधक विद्यार्थिनी):
नमस्कार. कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) बनवण्यासाठी ग्रॅफाइटच्या दोन विद्युदग्रांमध्ये हेलियम वायूत पेटणाऱ्या आर्कचे (सलग विद्युत ठिणगीचे) संगणकीय प्रारूप मी तयार करत आहे. आधार म्हणून मोंपेलिए येथील गटाने 1997 साली प्रसिद्ध केलेली मांडणी घेतली आहे: 660 मिलिबार हेलियम, सुमारे 100 अँपिअर प्रवाह आणि धनाग्रात निकेल व यिट्रियम. ऊर्जेच्या समीकरणात प्रारणामुळे होणारी घट मी शुद्ध हेलियमच्या निव्वळ उत्सर्जन गुणांकाच्या (वायूतच शोषले जाणारे वगळून बाहेर पडणाऱ्या प्रारणाच्या मापाच्या) कोष्टकावरून घेतली, तेव्हा ती वहनापुढे जवळजवळ नगण्य निघाली. हे खरे मानावे का? दुसरे असे की, कार्बनच्या दोन अणूंच्या रेणूंच्या स्वान पट्ट्यांवरून (दृश्य प्रकाशातील वर्णपट्ट्यांवरून) आम्ही तापमान काढतो. ते अपेक्षेपेक्षा सातत्याने जास्त येते. याचे कारण काय असावे?

उत्तर 1 (वर्णपटअभ्यासक):
हेलियमचे कोष्टक येथे चालणार नाही. हेलियमची पहिली उत्तेजित पातळी 19.8 इलेक्ट्रॉनव्होल्टवर आहे. 8000 केल्व्हिनला औष्णिक ऊर्जा जेमतेम 0.69 इलेक्ट्रॉनव्होल्ट असते, त्यामुळे त्या पातळीचा बोल्ट्झमन गुणक (अणू तेथे असण्याच्या शक्यतेचे माप) सुमारे तीन लाख कोटींत एक इतका क्षुल्लक येतो. निकेलच्या 3.5 इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासच्या पातळ्यांसाठी तोच गुणक साधारण 160 मध्ये एक असतो. म्हणजे धातूची वाफ एक टक्का असली तरी प्रकाश तिचाच. हेलियम उष्णता वाहून नेतो, पण स्वतः फारसा उजळत नाही. शिवाय धनाग्र सतत झिजत असल्यामुळे विद्युदग्रांमधील फटीत कार्बनची वाफही भरपूर असते. म्हणून गुणांक हेलियम, कार्बन, निकेल आणि यिट्रियम यांच्या मिश्रणासाठी, तापमानासोबत वाफेचे प्रमाणही चल धरून काढावा लागेल. तापमान 5000 केल्व्हिनच्या खाली उतरले की कार्बनचे दोन आणि तीन अणूंचे रेणू महत्त्वाचे ठरतात. तेथे केवळ अणुरेषांची बेरीज करून भागत नाही, रेणूंचे पट्टेही धरावे लागतात.

आता तापमानाविषयी. मला स्वशोषणाची, म्हणजे वाफेने स्वतःचाच प्रकाश शोषण्याची, दाट शंका आहे. 516.5 नॅनोमीटरवरील पट्ट्याचे शीर्ष सर्वांत तीव्र असते, म्हणून वाफेतून बाहेर पडताना तेच सर्वांत जास्त दबते. त्या मानाने दुर्बल रेषा उठून दिसतात आणि जुळवणीत तापमान फुगून येते. याची पडताळणी सोपी आहे. 516.5 आणि 563.5 नॅनोमीटर या दोन्ही पट्ट्यांची वरची कंपनपातळी एकच आहे, त्यामुळे प्लाझ्मा (आर्कमधील आयनित वायू) पारदर्शक असेल तर त्यांच्या तीव्रतांचे गुणोत्तर तापमानावर जवळजवळ अवलंबून राहत नाही. आपल्या वर्णपटमापकाची सापेक्ष संवेदनशीलता प्रमाणित दिव्याने तपासून हे गुणोत्तर काढा. पहिला पट्टा अपेक्षेपेक्षा दुबळा आढळला, तर स्वशोषण आहे असे समजावे.

उत्तर 2 (आर्क प्रारूपकार):
वरील उत्तराशी मी सहमत आहे. गुणांकाविषयी मात्र एक गोष्ट जोडतो, कारण येथेच बहुतेकांची गफलत होते. निव्वळ उत्सर्जन गुणांक हा सम तापमानाच्या स्तंभाच्या केंद्रासाठी काढलेला असतो आणि त्यात स्तंभाची त्रिज्या गृहीत धरलेली असते. त्रिज्या शून्य धरली तर शोषणच उरत नाही. कार्बन अणूच्या 156.1 आणि 165.7 नॅनोमीटरवरील अनुनादी (अणूच्या तळपातळीशी जोडलेल्या) रेषा पहिल्या मिलिमीटरमध्येच मोठ्या प्रमाणात शोषल्या जातात, त्यामुळे शून्य त्रिज्येचा गुणांक वापरल्यास व्यय अवास्तव मोठा येतो. आपल्या आर्कसाठी उष्ण गाभ्याची प्रत्यक्ष त्रिज्या, म्हणजे काही मिलिमीटर, घ्यावी.

तरीही कडेचा प्रश्न उरतोच. गाभ्यातून निघालेले अतिनील प्रारण कडेच्या थंड वाफेत शोषले जाते आणि तिला तापवते, परंतु हा गुणांक प्रत्येक ठिकाणी फक्त ऊर्जा वजा करतो. दुसऱ्या एखाद्या आर्कचे प्रारूप असते, तर मी त्याकडे दुर्लक्ष केले असते. येथे तसे करता येत नाही, कारण धातूचे सूक्ष्म थेंब आणि कार्बनचे समूह याच थंड होणाऱ्या पट्ट्यात घडतात आणि नळ्यांची वाढ वाफ किती वेगाने निवते यावर अवलंबून असते. संगणनाची क्षमता असेल तर वर्णपटाचे मोजके भाग पाडून प्रत्येकासाठी सरासरी शोषण गुणांक घ्या आणि पी-1 पद्धतीने (प्रारणाच्या दिशांचे गणित सोपे करणाऱ्या अंदाजपद्धतीने) प्रारणाचे समीकरण सोडवा.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. पट्ट्यांचे गुणोत्तर आमच्या जुन्या नोंदींवरूनच काढता येईल. कडेला काजळीचे कण असतात, त्यांचे अखंड प्रारण वेगळे धरावे का?

उत्तर 1 (वर्णपटअभ्यासक):
होय. ते कण 2000 ते 3000 केल्व्हिनला घन पदार्थासारखा अखंड वर्णपट देतात आणि तापलेल्या धनाग्राचा प्रकाशही त्यात मिसळतो. म्हणून पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंची पार्श्वभूमी मोजून ती आधी वजा करा, मगच गुणोत्तर काढा, अन्यथा 563.5 नॅनोमीटरचा दुर्बल पट्टा खोटा बळकट दिसेल आणि स्वशोषण नसतानाही ते असल्याचा भास होईल.