चायनीजमध्ये असतात तसे लांब, जाड मुगाचे मोड घरी कसे आणायचे? मदत हवी आहे (पुणे)

नमस्कार मंडळी,

उसळीपुरते मोड आणायचा प्रश्न नाही. मटकी रात्री भिजत घालायची, सकाळी उपसून फडक्यात गच्च बांधायची, की दुसऱ्या दिवशी मिसळीची सोय झालीच. मला हवेत ते नूडल्समधले, बोटभर लांब, पांढरेशुभ्र, दाताखाली कुरकुरणारे. इथे मोठ्या दुकानांत पाकिटं मिळतात, पण घरी आणून उघडावं तर खालचे निम्मे तपकिरी पडलेले असतात. आणि भाव बघून वाटतं, एवढ्यात किलोभर मूग आले असते.

सध्या मी हिरवे मूग रात्रभर भिजवून, तळाला भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात ओट्याखालच्या कपाटात ठेवते. अंधार पुरेसा असावा, कारण मोड हिरवे होत नाहीत. सकाळ-संध्याकाळ नळाखाली धरते. थंडीत वाढतात, पण दोऱ्यासारखे बारीक आणि वेडेवाकडे. ऊन तापायला लागलं की तेही नाही. परवा डब्यात बोट खुपसून पाहिलं तर कडेचे मोड गार आणि मधले चक्क कोमट! दुसऱ्या दिवशी मधला गठ्ठा बुळबुळीत, आंबूस वासाचा.

जाडी कशाने येते? पाणी वाढवावं तर कुजतील का? शिवाय कोवळ्या मुळांवर पांढरी लव दिसते, ती बुरशी समजायची का? भुसार दुकानातल्या सुट्या मुगात गणंग फार निघतात, त्यावर काही उपाय असेल तर तोही सांगा. पुण्यात कुणी हे नियमित करत असेल तर फार बरं.

प्रतिसाद १
कोमट लागले यातच उत्तर आहे. मोड फुटताना दाणे श्वसन करतात, त्यातून उष्णता निघते आणि दाटीत ती मध्येच कोंडते. म्हणजे पाणी नुसतं ओलाव्यासाठी नाही, ती उष्णता काढून न्यायलाही लागतं. दिवसातून चार-पाच वेळा, डब्यातून भरपूर वाहू द्या. कुजवतं ते तळाशी साचलेलं पाणी, तेव्हा डबा तिरपा करून पूर्ण निथळा. २० ते २५ अंश तापमान त्यांना मानवतं. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा थर पातळ ठेवा.

लव धुतल्यावर दिसेनाशी झाली तर ती मुळांचीच. बुरशी जाळ्यासारखी दाण्यांना धरून राहते, वासही येतो.

प्रतिसाद २
जाडीसाठी वजन ठेवा. मोड फुटले की वर ओलं फडकं, त्यावर ताटली आणि ताटलीवर वरवंटा. दाब पडला की रोपात इथिलीन नावाचा वायू जास्त तयार होतो, त्याने देठ जाड होतात. वर पाणी ओतायला मात्र ताटली भोकांचीच हवी. पाच-सहा दिवस धीर धरा. मध्ये उघडून बघायचा मोह फार होतो, पण उजेड लागला की पानं फुटतात आणि चव कडवट होते.

गणंग भिजवल्यावरच ओळखू येतात: बाकीचे टम्म फुगतात, हे खड्यासारखे टणक. तेवढे वेचून टाका, फुटके दाणेही काढा, सड तिथूनच सुरू होते. वर्षाच्या साठवणीला बोरिक पावडर लावलेले मूग यासाठी नकोत. पेरणीचं बियाणं तर मुळीच नको, त्याला औषध चोळलेलं असतं.

प्रतिसाद ३
एक आगाऊ सल्ला: कच्चे खाऊ नका. ओल आणि ऊब जंतूंनाही तेवढीच आवडते. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई. कोलायची साथ पसरली होती, ५० हून जास्त माणसं दगावली. आपल्याकडे उसळ शिजवूनच खातात ते बरंच आहे. गरोदर बाई, लहान मूल किंवा वयस्कर माणूस घरात असेल तर नीट शिजवूनच द्या.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. वरवंटा माळ्यावर आहे, आजच काढते. अडचण पाण्याची: दिवसभर ऑफिस असतं, दुपारी पाणी घालायला घरी कुणी नाही.

प्रतिसाद १
मग माठ घ्या. कुंभारवाड्यात लहान आकाराचा मिळेल, तळाला भोक पाडून घ्या आणि बाहेरून ओलं फडकं गुंडाळा. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात आतून चांगला गार राहतो. सकाळी निघताना, आल्यावर आणि झोपताना असं तीनदा भरपूर पाणी दिलंत तर मूठभर मुगाला चालून जाईल, जास्त घालू नका. पावसाळ्यात मात्र हवा दमट असते, माठाचा उपयोग नाही.