दारू पिऊन आलेल्या पेशंटसाठी कॅज्युअल्टीत वेगळी खोली हवी का?

रात्रपाळी
पुण्यातल्या एका दवाखान्यात कॅज्युअल्टीला सिस्टर आहे, सात वर्षं झाली. परवा शनिवारी रात्री दोनला चार बेडवर चार टुन्न. त्यातल्या एकानं सलाईनचा स्टँड भिरकावला. शेजारी छातीत दुखतंय म्हणून आलेले आजोबा ईसीजीच्या वायरींसकट उठून बसले. मावशींनी तिसऱ्यांदा उलटी पुसली आणि म्हणाल्या, "बाई, यांना बाहेर व्हरांड्यात का नाही निजवत?" मला पटलं. अजून पटतंय. वेगळी खोली, दाराशी सिक्युरिटी, उतरली की घरी आणि बिलात सफाईचे पैसे. बोला.

हडपसरकर
ताई, शंभर टक्के! मी तर म्हणतो आधी पैसे भरा, मग उपचार. माझ्या वडिलांना दम लागला होता तेव्हा असल्याच एका बेवड्यापायी वीस मिनिटं स्ट्रेचरवर थांबलो होतो. हौसेनं प्यायची यांनी आणि भोगायचं आम्ही.

टॉर्च आणि हातोडी
हडपसरकर, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण 'आधी पैसे' विसरा. परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, जीव वाचवणं आधी, बाकी सोपस्कार मागाहून. पिऊन आलेल्याला त्यातून वगळलेलं नाही.

आता खोलीचं. मी रेसिडेंट डॉक्टर असताना पोलिसांनी मार्केट यार्डातला एक हमाल आणला. तोंडाला वास, बरळतोय, अंगावर धावून येतोय. केसपेपरवर माझ्या आधीच कुणीतरी 'मद्यपी' लिहून ठेवलेलं. बोटाला सुई टोचली तर शुगर अवघी २८. सकाळी मधुमेहाची गोळी घेतलेली, दिवसभर पोटात अन्न नाही आणि वर दारू. उपाशीपोटी दारू यकृताला साखर बनवू देत नाही. शिरेतून ग्लुकोज गेलं आणि दोन-तीन मिनिटांत त्यानं विचारलं, "माझी टोपी कुठंय?" तुमच्या खोलीत 'झोपू दे, उतरेल' म्हणत सकाळपर्यंत ठेवला असता तर टोपी घरच्यांच्या हातात द्यावी लागली असती.

रात्रपाळी
डॉक्टर, शुगर मी दारातच बघते. ते मला शिकवू नका. :)

टॉर्च आणि हातोडी
तुम्ही बघता हो, सिस्टर. पण तुमच्या सुट्टीच्या दिवशी? खोलीला नाव पडलं की माणूस आत गेला आणि विषय संपला. सलाईन लावून दारू लवकर उतरते हाही गैरसमज. लिंबूपाणी, कॉफी तसंच. शरीर साधारण तासाला १५ ते २० मिलिग्रॅमनं उतरवतं (१०० मिली रक्तामागे). गाडी चालवायची कायद्यानं मर्यादा ३०. म्हणजे २०० घेऊन आलेला पहाटेपर्यंत काही शुद्धीत नाही. मात्र तासातासानं तो थोडा थोडा जागा व्हायला हवा. उलट गुंगी वाढली तर ती नुसती दारू समजू नका, डोक्यात रक्त साकळत असू शकतं. पिणाऱ्याला पडल्याचं आठवतही नाही. हा फरक कळायला कुणीतरी दर अर्ध्या तासानं त्याला हलवून उठवायला हवं. तुमच्या बंद खोलीत हे कोण करणार?

विमेवाला काका
मूळ दुखणं वेगळंच आहे. नातेवाईक डॉक्टरला बाजूला घेतात, "साहेब, दारूचं लिहू नका, क्लेम जाईल." खरंच जातो, मी रोज बघतो. मग लिहिणारा वाईट आणि न लिहिणारा देवमाणूस.

टॉर्च आणि हातोडी
न लिहिण्याचा शेवट कुठं होतो ते आपण मे २०२४ मध्ये कल्याणीनगरच्या अपघातात पाहिलं. दारू लपवायला रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाच अटक झाली. तेव्हापासून रक्त घेताना नातेवाईक बाटलीवरचं लेबल वाचतात. वाचू द्यात. दारू तपासायच्या रक्तासाठी कातडी पुसायला स्पिरिटचा बोळा चालत नाही, हेही आता लोकांना ठाऊक झालंय.

धायरीची सून
मी सासऱ्यांचं सांगते. दादांचं मांडीचं हाड मोडलं, दवाखान्यात भरती केलं. पितात हे आम्ही लाजेनं सांगितलंच नाही. तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, घामानं चादर ओली. वॉर्डात म्हणाले वेड लागलंय, हात बांधले. ते वेड नव्हतं, दारू अचानक बंद झाल्याचं होतं, आणि त्यात माणूस जाऊही शकतो. दादा वाचले. तेव्हा दारातच कुणी नीट विचारलं असतं, "रोज किती घेता? शेवटची कधी घेतली?" तर पुढचं टळलं असतं. नंतर 'मुक्तांगण'ला नेलं. १९८६ पासून हे व्यसनमुक्ती केंद्र पुण्यात आहे, आणि आम्हाला त्याचा पत्ता रिक्षावाल्याकडून कळला, दवाखान्यातून नाही.

हडपसरकर
वहिनी, तुमचे दादा आजारी होते. मी म्हणतोय ते थर्टीफर्स्टला मुंढव्यातल्या पबमधून येतात त्यांच्याबद्दल.

धायरीची सून
दादाही कधीतरी थर्टीफर्स्टवालेच होते की.

रात्रपाळी
खोलीच्या नावाचं डॉक्टरांचं पटलं. बेवड्यांची वेगळी खोली नको, सगळ्यांसमोरच राहू देत, कुशीवर वळवून, उलटी घशात जाऊ नये म्हणून. पण मार खाण्याचं काय? मला थोबाडीत बसली होती. दवाखान्यातल्यांवर हात उचलणाऱ्यांसाठी २०१० चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड. तक्रार लिहायला बसले तर वरच्यांनी समजावलं, "शुद्धीत नव्हता हो तो, सोडा." माझा गाल शुद्धीत होता.

टॉर्च आणि हातोडी
इथं माझ्याकडे उत्तर नाही, सिस्टर. तक्रार सोडून द्यायला नको होती एवढंच म्हणतो.

हडपसरकर
बरं, खोली राहू द्या. सफाईचे पैसे तरी घ्याल की नाही?

रात्रपाळी
मावशींना विचारलं. म्हणाल्या, पैसे कुणाच्या खिशात जातात ते मला ठाऊक आहे. त्यापेक्षा शनिवारी माझ्या जोडीला आणखी एक बाई द्या.