पेपरात आलेलं नाव : शाळेच्या बातम्या आणि पहिली-दुसरी वेलांटी

परवा नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरातली लोखंडी पेटी रिकामी करताना आईने जपलेलं एक कात्रण सापडलं. १९८४ सालचं. चौथीच्या स्कॉलरशिपमध्ये आलेल्या आमच्या शाळेतल्या सहा मुलांची नावं, तीन ओळींची बातमी. माझं नाव त्यात 'शिला' छापलं होतं. शीला म्हणजे चांगल्या शीलाची आणि शिला म्हणजे दगड, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण आईला होतं. तिने निळ्या शाईने पहिली वेलांटी खोडून दुसरी काढली होती आणि मग ते कात्रण डाळीच्या डब्याखाली दाबून सरळ केलं होतं. आई आता नाही. ती निळी वेलांटी मात्र अजून स्पष्ट आहे.

शाळेची बातमी ही पेपरातली सगळ्यात छोटी बातमी. पण चाळीस वर्षं जपून ठेवलेली दुसरी कुठली बातमी मी तरी पाहिलेली नाही. म्हणून विचारते आहे. तुमच्याकडे असं काही असेल तर लिहा. पेपरचं किंवा शाळेचं नाव नको. चूक कशी झाली आणि पुढे तिचं काय झालं, ते हवं.

निवृत्त मुद्रितशोधक, नागपूर

ताई, तुमच्या कात्रणाचं वाचून रात्री झोप आली नाही. मी सव्वीस वर्षं मुद्रितशोधनात, म्हणजे छापण्याआधी मजकुरातल्या चुका काढण्याच्या कामात होतो. सुरुवातीला खिळे होते, म्हणजे धातूचे सुटे टाइप. कंपोझिटर उलटी अक्षरं जुळवायचा, आम्ही गॅलीवर, म्हणजे तपासायच्या कच्च्या छापावर, हंसपदं (सुटलेल्या अक्षराच्या खुणा) मारायचो आणि दुरुस्ती करताना तो एक चूक काढून दुसरी बसवायचा. त्याचा दोष नव्हता. मंद दिवा आणि हातात चिमटा, अशा स्थितीत रफाराचा खिळा शोधणं काय असतं ते मी पाहिलंय.

शाळेच्या बातम्यांत चुका जास्त का, याचं कारण वेळेत आहे. गडचिरोली, गोंदिया अशा लांबच्या भागात जाणारी डाक आवृत्ती सगळ्यात आधी सुटते. गाडी निघायची म्हणजे पान संध्याकाळीच लावून मोकळं करावं लागतं. तालुक्यांच्या बातम्या त्याच पानांवर, आणि शाळेच्या बातम्या त्यांतही खालच्या कोपऱ्यात. शहर आवृत्तीच्या पहिल्या पानाला रात्री उशिरापर्यंत तीन जणांची नजर मिळायची. त्या कोपऱ्याला एकाचीही पुरती मिळत नसे.

शुद्धलेखनाचे नियम तसे फार नाहीत. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली आले, १९७२ साली चार वाढले, एकूण अठरा. मी नव्या मुलांना शाळेच्या बातमीवरच शिकवायचो, कारण ठरावीक शब्द तिथे रोज येतात. परीक्षा, क्रीडा, प्रावीण्य या तिघांत दुसरी वेलांटी. विद्यार्थी लिहिताना दुसरी, पण विद्यार्थिनी म्हटलं की थ ला पहिली. दीपप्रज्वलनात ज एकच, कारण तो प्र अधिक ज्वलन. उज्ज्वलमध्ये दोन, कारण तिथे उत् मधल्या त चा ज झालेला असतो. हे एकदा समजलं की पाठ करावं लागत नाही. आणि वृक्षारोपण. पावसाळा सुरू झाला की महिनाभर 'वृक्षरोपण' येत राहायचं. दर वेळी तो काना मी घातलाय.

पुढे आमचा विभागच बंद झाला. उपसंपादकानेच लिहायचं, त्यानेच वाचायचं. स्वतः लिहिलेलं स्वतःला बरोबरच दिसतं. त्याला दुसरा डोळा लागतो.

काटोल तालुक्यातला वार्ताहर

मी दुसऱ्या बाजूचं सांगतो. १९९० च्या आसपास बातमी हाताने लिहून पाकिटात घालायची आणि दुपारच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची. गणेशपेठच्या स्टँडवर पेपरचा माणूस येऊन पाकिटं घेऊन जायचा. गॅदरिंगची बातमी म्हटली की मुख्याध्यापक चाळीस नावांची यादी हातात द्यायचे. "भाऊ, एकही नाव सुटलं नाही पाहिजे बरं. पोट्ट्यायचे मायबाप वाट पाहून राहिले." यादी सरांच्या अक्षरात, तिच्यावरून माझ्या अक्षरात, मग ऑपरेटरच्या बोटांत. तीन हातांतून गेल्यावर आडनावाचं काय होणार?

एकदा एका बाई सकाळी आठ वाजता घरी आल्या. शेतात मजुरीला जाणाऱ्या. पोरगी तालुक्यात निबंधात पहिली आली होती आणि पेपरात तिच्या नावापुढे दुसरीचं आडनाव. बाई भांडल्या नाहीत. पेपर पुढे करून एवढंच म्हणाल्या, "भाऊ, हे माही पोरगी नोहे." मला उभ्या उभ्या घाम फुटला. मी त्याच एसटीने नागपूरला गेलो, दुरुस्ती लावून घेतली. चौथ्या दिवशी आली, दोन ओळी. तेव्हापासून मी यादी घेतली की शाळेतच बसून एकेक नाव मोठ्याने वाचतो आणि मुलांना हात वर करायला लावतो. पंधरा मिनिटं जातात. जाऊ द्या.

आम्हाला मानधन किरकोळ मिळतं, खरी मिळकत जाहिरातीच्या कमिशनवर. पंधरा ऑगस्टला शाळेची जाहिरात आणायची आणि त्याच शाळेची बातमीही लिहायची. त्या ओझ्याखाली बातमी घाईची होते, हे मान्य करतो.

मराठीच्या शिक्षिका, उमरेड रोड

पाच सप्टेंबर. बातमीचा मथळा : 'शिक्षक दीन उत्साहात साजरा'. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब, बिचारा. स्टाफरूममध्ये सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण प्रेसनोट आमच्याच शाळेतून गेली होती आणि तिच्यातही तसंच होतं. पेपरने आमचीच चूक आम्हाला परत दिली.

मग मी दर शनिवारी शाळांच्या बातम्यांची कात्रणं वर्गात नेऊ लागले. मुलं चुका शोधतात, पण लाल पेन नाही, पेन्सिल. आणि प्रत्येक चुकीला कारण सांगायचं. तीन जानेवारीच्या एका बातमीत सावित्रीबाईंची 'पुण्यतिथी' छापली होती. सहावीतल्या एका मुलीने उभी राहून सांगितलं, की आज जयंती, जन्म १८३१ चा, पुण्यतिथी दहा मार्चला असते. ऱ्हस्व-दीर्घापेक्षा ही चूक मोठी, असं तीच म्हणाली. मला पटलं.

नागपुरात आणखी एक अडचण आहे, हिंदी शेजारी नांदते. एका पत्रकात लिहून आलं होतं, 'विद्यार्थ्यांना उत्तम शिक्षा देणारी शाळा'. लिहिणाऱ्याच्या मनात हिंदीतली शिक्षा, म्हणजे शिक्षण. मराठीत छापल्यावर मुलांना छड्या मारणारी शाळा झाली. कवि, गति ही पहिल्या वेलांटीची रूपंही तिकडूनच येतात. आणि माझ्या वर्गातली मुलं घरी पाणी, डोळा यांना पानी, डोया म्हणतात, म्हणून वहीतही तसंच लिहितात. त्या मुलांना मी कधी रागावत नाही, ती त्यांच्या आईची भाषा आहे. पेपरात काय छापायचं हे ठरवणाऱ्याने मात्र शब्दकोश उघडलाच पाहिजे.

डीटीपी करणारी, सीताबर्डी

शाळांची पत्रकं मी टाइप करते. लोक म्हणतात आम्हाला शुद्धलेखन येत नाही. काही चुका आमच्या, पण काही फॉन्टच्या. श्रीलिपी, कृतीदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये जसं दिसतं तसं टाइप होतं, म्हणजे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर. आता सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडमध्ये बरोबर उलट, रफाराचा र आधी आणि वेलांटी अक्षरानंतर. त्यामुळे जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेताना एखादा शब्द मोडतो. सगळ्यात जास्त कुठला मोडत असेल? विद्यार्थिनी. एकाच 'र्थि' मध्ये रफारही आहे आणि पहिली वेलांटीही. मुलींच्या प्रत्येक बातमीत हा शब्द असतो, म्हणून रूपांतर झालं की मी आधी तोच शोधते.

मनीषनगर

माझं थोडक्यात. बाबांचा मॅट्रिकचा निकाल पेपरात आला होता, बारीक टाइपात नुसते नंबर. त्यांचा नंबर नेमका घडीवर, शाई पसरलेली. आजोबांनी नापास समजून दोन दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी बाबा शेजारच्यांचा पेपर मागून घेऊन आले, त्यात नंबर स्वच्छ होता. ते दोन दिवस बाबा सत्तरीतही विसरले नव्हते.

पुन्हा मी, शीला

काटोलच्या भाऊंचं वाचून त्या बाईंच्या मुलीचं पुढे काय झालं, असं तिघांनी विचारलं होतं. भाऊंनी काल रात्री कळवलं. ती आज त्याच तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गॅदरिंगची यादी आता तीच त्यांना देते, ठळक अक्षरात लिहून. प्रत्येक नावापुढे मुलाची सही असते.