मदत हवी आहे: आजीच्या आर्मेनियन माहेराचा शोध कसा घ्यावा?

नमस्कार मंडळी,

माझी आजी (आईची आई) कोलकात्याची, आर्मेनियन. आजोबा बेंगॉल नागपूर रेल्वेत होते. खरगपूरला असताना ओळख झाली आणि १९४६ साली दोघांनी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. दोन्ही घरांनी संबंध तोडले. पुढे आजी नागपुरात अशी रुळली की तिचं मराठी ऐकून कुणाला शंकाही येत नसे. माहेराबद्दल ती बोलत नसे आणि आम्हीही कधी खोदून विचारलं नाही, याचं आता फार वाईट वाटतं. आई ७६ वर्षांची आहे. गेल्या दिवाळीपासून तिने एकच धरलंय, माझं आजोळ कुठलं ते मला कळलं पाहिजे.

हाताशी फार काही नाही. शाळेच्या दाखल्यावर आजीचं आडनाव ‘अराटून’ आहे. तळहाताएवढं प्रार्थनेचं पुस्तक आहे, चामडी बांधणीचं, कणा सुटलेला. पहिल्या कोऱ्या पानावर फिकट जांभळ्या शाईत आर्मेनियन अक्षरांत चार ओळी आणि खाली इंग्रजीत सही, ‘अराटून कॅरापिएट’. हे आजीच्या वडिलांचं पुस्तक, असं आई सांगते. मग वडील कॅरापिएट आणि मुलगी अराटून, हे कसं? एका फोटोच्या मागे ‘मॅकर्टिच कॅरापिएट’ असंही लिहिलंय.

आईला आठवतं ते एवढंच, की २५ डिसेंबरला घरात काही नसे, पण ६ जानेवारीच्या, म्हणजे आर्मेनियन नाताळच्या, आदल्या संध्याकाळी आजी मासे, पालक आणि भात करायची आणि त्या दिवशी कुणावर रागवायची नाही. परवरात खिमा आणि तांदूळ भरून करायची, त्याला डोलमा म्हणायची.

मी धरून चालले होते की हे लोक तुर्कस्तानातल्या १९१५ च्या आर्मेनियन नरसंहारातून निसटून आले असणार. दोन वर्षं ऑटोमन तुर्कस्तानातल्या गावांच्या याद्या चाळल्या. एका संकेतस्थळाला पैसेही भरले, त्यांनी एक छापील कुलचिन्ह पाठवलं, बाकी काही नाही. कुठून सुरुवात करू? पानाचा फोटो खाली जोडलाय.

— मृण्मयी_ना

लिपिवेडा: फोटो मोठा करून पाहिला. ताई, आर्मेनियन लिपीत अक्षरांनाच अंकांची किंमत असते. शेवटच्या ओळीत तीन अक्षरं सुटी आहेत. पहिलं र, म्हणजे १०००. दुसरं य, ३००. तिसरं ख, ४०. झाले १३४०. आर्मेनियन संवतात ५५१ मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे १८९१. त्याच्या वरच्या ओळीत ‘नोर जुघा’ स्पष्ट वाचता येतं. नोर जुघा म्हणजे नवं जुल्फा, इराणात इस्फहानला लागून असलेली आर्मेनियन वस्ती. इराणच्या शाह अब्बासने १६०४-०५ मध्ये जुन्या जुल्फाच्या लोकांना उठवून तिथे नेलं होतं. १९१५ चा इथे संबंध दिसत नाही. मधल्या दोन ओळी प्रार्थनेच्या वाटतात, पण शाई इतकी उडालीय की छातीठोक सांगणार नाही. खिडकीपाशी, तिरप्या उजेडात पुन्हा फोटो काढाल का?

खरगपूरकर: आडनावाचं कोडं त्यामुळेच सुटतं. भारतातल्या जुल्फाकडच्या घरांत बापाचं नाव हेच मुलाचं आडनाव व्हायचं. कॅरापिएटचा मुलगा अराटून कॅरापिएट, त्याची मुलगी अमुक अराटून. फोटोतला मॅकर्टिच हा बहुधा तुमच्या पणजोबांचा भाऊ. म्हणून आडनाव धरून मागे जाऊ नका, दर पिढीला ते बदलणार. नावांच्या जोड्या जुळवा. स्पेलिंगही सैल असतात. अराटून म्हणजे हारुत्युन, पुनरुत्थान. मॅकर्टिच म्हणजे मक्रतिच, बाप्तिस्मा देणारा. तुर्कस्तानाकडचे असते तर पश्चिमी आर्मेनियन उच्चाराप्रमाणे कॅरापिएटचं गारबेद झालं असतं.

लग्नाची नोंद चर्चमध्ये शोधण्यात वेळ घालवू नका. त्या काळी हिंदू आणि ख्रिस्ती जोडप्याला नोंदणी करायची तर १८७२ च्या विशेष विवाह कायद्याखाली ‘आम्ही हे धर्म मानत नाही’ असं लिहून द्यावं लागे. घरं का तुटली असतील ते यावरून कळतं. निबंधकाच्या वहीत मात्र वधूच्या वडिलांचं नाव असायला हवं. बाप्तिस्म्याच्या नोंदीसाठी कोलकात्याच्या बडाबाजारातलं नाझरेथचं चर्च गाठा, १७२४ चं आहे. थडग्यांसाठी पार्क सर्कस आणि टांग्र्याची आर्मेनियन दफनभूमीही बघा. आणि १८२१ साली निघालेलं आर्मेनियन कॉलेज विसरू नका. इराणातली मुलं तिथे शिकायला येत, पणजोबा तसेच आले असतील तर प्रवेशाच्या वहीत गाव आणि बापाचं नाव मिळेल. ब्रिटिश अमदानीतल्या कुटुंबांचा ‘फिबिस’ हा मोफत शोधसंच घरबसल्या चाळता येतो.

सुनंदा_पुणे: डीएनए करणार असाल तर आधी आईची चाचणी करा, तुमची नंतर. आईत आजीचा निम्मा वाटा आहे, तुमच्यात साधारण पाव. आईकडून आईकडे जाणारा मायटोकॉन्ड्रियल धागा आजीच्या आईपर्यंत नेईल. पणजोबांच्या पुरुष वंशासाठी मॅकर्टिचचा मुलगा किंवा मुलाचा मुलगा असा कुणी पुरुषच हवा. ते घर शोधायचं निमित्त समजा.

मृण्मयी_ना: तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू! काल रात्री आईला १८९१ चा हिशोब वाचून दाखवला. तिने पुस्तक मागून घेतलं आणि त्या तीन अक्षरांवरून बोट फिरवत ‘र, य, ख’ असं दोनदा म्हणाली. मग म्हणाली, आजी पोळपाटावर पिठात बोटाने असलंच काहीतरी काढायची आणि पुसून टाकायची. हे तिने आजवर कधी सांगितलं नव्हतं.

आईचा नमुना या आठवड्यात पाठवते. ६ जानेवारीला आम्ही दोघी नाझरेथ चर्चला जायचं ठरवतोय. आईचे गुडघे दुखतात. हावडा स्टेशनहून आर्मेनियन स्ट्रीटपर्यंत टॅक्सी आत जाते का, की बडाबाजारात उतरून चालावं लागतं? कोलकात्यात राहिलेलं कुणी असेल तर कृपया सांगा.